अबोल्याचे चाळीस नमुने

मानसशास्त्र विभागातल्या बाईंना चाळीस माणसं हवी होती. साधीसुधी नकोत. घरातल्याच, रोज नजरेला पडणाऱ्या एखाद्या माणसाशी निदान वर्षभर अबोला धरून बसलेली हवी होती. अबोल्याने माणसाच्या झोपेवर, भुकेवर आणि स्वभावावर काय परिणाम होतो, हा बाईंच्या अभ्यासाचा विषय. मंजुरी आली होती, प्रश्नावली छापून तयार होती, पेन्सिलींना टोकं काढून झाली होती. माणसं तेवढी नव्हती. ती गोळा करून आणायचं काम बाईंच्या संशोधन साहाय्यकाकडे होतं. ही साहाय्यक एकोणतीस वर्षांची, दोन पदव्या घेतलेली. विभागात तिला मॅडम म्हणत आणि घरी अजून बेबीच म्हणत. आपणही बेबीच म्हणू, कारण पुढे घरच्यांचाच संबंध येणार आहे.

शेजारच्या खोलीत संख्याशास्त्राचे सर बसायचे. त्यांचा सल्ला असा पडला की माणसं निवडायची तर चिठ्ठ्या टाकून. शहराच्या यादीतून डोळे मिटून तीनशे नावं उचलायची, ज्याचं नाव येईल त्यालाच विचारायचं. "प्रत्येकाला सारखी संधी," सर म्हणाले. "आपली आवडनिवड मध्ये आली की नमुना नासला म्हणून समजा."

नमुना म्हणजे अभ्यासासाठी निवडलेली माणसं. बेबीच्या आईला हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा ती म्हणाली होती, "नमुने गोळा करायला पगार देतात होय? आपल्या नात्यात फुकट मिळतील."

तर संगणकाने तीनशे नावं काढून दिली आणि बेबीने नऊ दिवस फोन लावले.

"आपल्या घरात कुणाचा कुणाशी अबोला आहे का?"

"छे, छे. आमचं घर फार एकोप्याचं आहे," पलीकडचे गृहस्थ म्हणायचे, आणि मग फोनवर हात ठेवून कुणाला तरी सांगायचे, "तुझ्या आईला सांग, मी कामात आहे म्हणावं. काय हवं असेल ते तुझ्याकडे बोलेल."

बेबी रकान्यात ‘नाही’ असं लिहायची.

एका बाईने विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि फोन आपटला. एक आजोबा म्हणाले, अबोला आहे खरा, पण कुणाशी ते आत्ता आठवत नाही, उद्या फोन करा. दुसऱ्या दिवशी ते फोनवर आलेच नाहीत. तीनशेपैकी दोघं तयार झाली. त्यातल्या एकाचा अबोला नव्हताच, तो एकटा राहत होता आणि बऱ्याच दिवसांनी कुणी फोन केला म्हणून हो म्हणाला होता. तो एक तास दहा मिनिटं बोलला. राहिली एक.

"बाई, या शहरात सगळे एकमेकांशी बोलतात," बेबीने येऊन सांगितलं.

"मग न्यायालयांत एवढी गर्दी कशाला असते?" बाई म्हणाल्या. "अगं, स्वतःचं कोण सांगणार? लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ विचार. आपलं मुसळ आपोआप बाहेर येईल."

म्हणून मग बाईंनी साखळी पद्धत काढली. एक माणूस मिळाला की त्याची मुलाखत घ्यायची आणि शेवटी त्यालाच विचारायचं, तुमच्यासारखं आणखी कुणी माहीत आहे का? तो दुसऱ्याचं नाव सांगणार, दुसरा तिसऱ्याचं. संख्याशास्त्राच्या सरांनी ऐकलं आणि दारातूनच मान हलवली. "हा नमुना नव्हे, हा ओळखीपाळखीचा बाजार. एका गल्लीतली, एका वळणाची माणसं तेवढी मिळतील."

"ती मर्यादा आम्ही अहवालात लिहू," बाई म्हणाल्या. "आधी अहवाल लिहिण्यापुरती माणसं तरी मिळू द्या."

जी एक राहिली होती ती लाँड्रीवाली होती. चार वर्षं तिचा जावेशी अबोला होता आणि दोघींची कपडे वाळत घालायची दोरी एकच होती. मुलाखतभर ती एकेक शब्द इस्त्री करून दिल्यासारखा देत होती. पण शेवटचा प्रश्न आला, आणखी कुणी माहीत आहे का, तशी तिने खुर्ची पुढे ओढली.

"लिहून घे," ती म्हणाली.

तिने पाच नावं दिली. कुणाचा अबोला केव्हापासून, कशावरून, कुणाची चूक, सगळं तोंडपाठ. त्या पाचांनी अठरा दिली. बेबीची वही भरत चालली.

काय काय माणसं होती त्यात. एक बस चालवणारा होता, त्याचे वडीलही बसच चालवायचे, त्याच रस्त्यावर. तीन वर्षं दोघांत शब्द नव्हता. "पण समोरून आले की दिवा दाखवतो," तो म्हणाला. "तो रस्त्याचा नियम आहे, त्यात नातं येत नाही." एक आई आणि तिची शाळेत शिकवणारी मुलगी होती. त्या दोघी कुत्र्याशी बोलायच्या. आई कुत्र्याला म्हणायची, सांग तिला, भूक लागली असेल तर वाढून घे. मुलगी कुत्र्याला म्हणायची, विचार तिला, औषध घेतलं का. कुत्रा इकडून तिकडे बघत राहायचा.

आता हा अबोला धरायचा की नाही? बेबीने बाईंना विचारलं. बाईंनी अर्धा दिवस विचार केला आणि निकाल दिला: तिसऱ्या जिवामार्फत बोललेलं बोलणं म्हणून मोजायचं नाही. थेट, एकमेकांना उद्देशून, तोंडाने उच्चारलेलं वाक्य असेल तरच अबोला मोडला असं समजायचं, आणि मोडला की माणूस अभ्यासातून बाद. हा नियम टंकून विभागाच्या भिंतीवर लावला. त्याखाली दुसरा नियम बेबीने स्वतः लिहिला होता, की साहाय्यकाने एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर घालू नये.

हळूहळू लोकांना यात एक प्रतिष्ठा वाटायला लागली. आलेला माणूस आधी विचारायचा, "सगळ्यात जास्त कुणाचा आहे?" नावं सांगता येत नसत, पण वर्षं बेबी सांगायची. "सात? आमचा यंदा नववा लागेल," असं म्हणून ताठ बसणारे होते. सहा आठवड्यांत अडतीस झाले.

अडतिसावा एक निवृत्त पोस्टमन होता. त्याने आयुष्यभर घरोघरची दारं वाजवलेली, त्यामुळे कुठल्या घराला दोन पत्रपेट्या का आहेत ते त्याला बरोबर माहीत होतं. स्वतःच्या मेहुण्याबद्दल तो चार वाक्यांत बोलला आणि मग म्हणाला, "पण पोरी, एवढी माणसं जमवलीत आणि सगळ्यात मुरलेला अबोला राहिलाच की तुमचा. पुलाच्या उतारावर चष्म्याचं दुकान आहे बघ. दोघे भाऊ. दुकान एक, घर एक, आणि अकरा वर्षं झाली, शब्द म्हणून नाही. ते घेतल्याशिवाय तुमच्या अभ्यासाला काही अर्थ नाही."

बेबीचं पेन थांबलं. पुलाच्या उतारावरचं चष्म्याचं दुकान तिच्या बाबांचं आणि काकांचं होतं.

बाबा पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढायचे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची. नंबर ठरला की ते चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, आणि गिऱ्हाईक ती चिठ्ठी घेऊन सहा पावलं चालून काचेच्या आडोशामागे बसलेल्या काकांकडे जायचं. काका मशीनवर काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. चिठ्ठीबरोबर गिऱ्हाइकाला निरोपही न्यावे लागत. "त्यांना सांगा, कालची काच डाव्या बाजूने वाढली होती." गिऱ्हाईक परत यायचं. "ते म्हणतात, नाक वाकडं असेल तर काच काय करणार?" नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं, जुन्यांना सवय होती.

घरी बाबा खाली राहायचे आणि काका वर. बाबा काकांना ‘वरचे’ म्हणत, काका बाबांना ‘खालचे’. आई आणि काकू मात्र गच्चीवर एकत्र कपडे वाळवायच्या, एकमेकींच्या घरातलं मीठ संपलं की हक्काने उचलून न्यायच्या. आणि निरोप्या म्हणजे बेबी. बेबी, वरच्यांना सांग टाकी वाहतेय. बेबी, खालच्यांना सांग वाहतेय ती कालपासून वाहतेय. एखाद्या घरात नळाला पाणी कमी येतं, तसं आपल्या घरात बोलणं कमी येतं, असं ती अठराव्या वर्षापासून धरून चालली होती. सहा आठवडे अबोल्याची माणसं शोधत सगळं शहर पालथं घातलं, पण जिन्याकडे बोट दाखवायचं तिला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण तिने ते सुचू दिलं नाही.

तिने पोस्टमनने सांगितलेलं नाव वहीत लिहिलं नाही. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पोस्टमननेच विभागात फोन केला. आयुष्यभराची सवय, दिलेलं पोचलं का ते बघायची.

"तू एक नाव गाळलंस?" बाईंनी विचारलं.

"बाई, ते माझे बाबा आणि काका आहेत."

बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. आता रागावणार असं बेबीला वाटलं. पण बाईंचा आवाज एकदम हळू झाला. "अकरा वर्षं?"

"हो."

"सलग?"

"हो."

"आणि रोज एकमेकांसमोर?"

"सहा पावलांवर."

"आणि हे तू मला आता सांगतेस," बाई म्हणाल्या. मग त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "साखळीतून आलेलं नाव गाळता येत नाही. मुलाखती मी घेईन. तू नातेवाईक आहेस, तू बाहेर बसायचं. तटस्थ. मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही, काही नाही. चाळीस होतात आपले."

त्या संध्याकाळी बेबीने बाबांकडे विषय काढला. बाबा चष्मा पुसत होते.

"अबोला?" बाबा म्हणाले. "आमचा कुठे अबोला आहे? आम्ही फक्त बोलत नाही."

आई आतून हसली. बाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणखी कोण कोण आहे त्यात?"

"नावं सांगता येत नाहीत."

"वर्षं तर सांगशील?"

"सगळ्यात जास्त नऊ."

"नऊ," बाबा म्हणाले, आणि सरळ होऊन बसले. चष्मा डोळ्यांवर चढवला. "किती वाजता यायचं?"

मग ती वर गेली. काकांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "खालचे येणार आहेत का?"

"हो."

"मग मी काय पाप केलंय?"

बाईंनी बाबांना दहाची वेळ दिली होती आणि काकांना बाराची. पण दुकानाच्या सुट्टीचा दिवस, घरी करमत नाही, त्यात मोठा भाऊ म्हणून त्याला आधीची वेळ हेही काकांना पटलं नव्हतं. म्हणून दोघे एकाच बसने आले, बाबा पहिल्या बाकावर आणि काका शेवटच्या. विभागाच्या व्हरांड्यात एकच लांब बाक होतं. त्याच्या दोन टोकांना दोघे बसले. समोर छोट्या टेबलाशी बेबी, तोंड कोरं करून.

बाबा चाळीस मिनिटं आत होते. पेपर सोपा गेलेल्या मुलासारखे बाहेर आले. काका पस्तीस मिनिटं होते, ते आले तेव्हा घाम पुसत होते. पाठोपाठ बाई दोन्ही कागद घेऊन आल्या.

"एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "जोडीतल्या दोघांनी सांगितलेला काळ जुळायला हवा. तुम्ही अकरा वर्षं म्हणालात. हे अकरा वर्षं चार महिने म्हणतात. कुठलं तरी एक पक्कं ठरवून सांगा, नाहीतर जोडी बाद करावी लागेल." इतक्यात आत फोन वाजला आणि बाई गेल्या.

बाबांनी घसा साफ केला. "बेबी, वरच्यांना सांग, दुकानाची नवी पाटी बसवली त्या दिवसापासून सुरू झालं. पाटी तिरकी आहे असं मी म्हणालो, ते रागावले. अकरा वर्षं झाली. जास्त नाही, कमी नाही."

बेबी काकांकडे वळली. "काका, बाबा म्हणतायत–"

"ऐकलं मी," काका म्हणाले. "त्यांना सांग, पाटीचं भांडण झालंच नाही. त्याच्या आधीपासून चार महिने मी बोलत नव्हतो. त्यांच्या लक्षातच आलं नाही, त्याला मी काय करू?"

बेबीला हे नवीन होतं. बाबांनाही नवीन होतं, कारण त्यांचं तोंड थोडंसं उघडं राहिलं. चार महिने आपल्याशी कुणी अबोला धरून होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, हे पचवायला त्यांना वेळ लागला.

"बेबी, विचार त्यांना, चार महिने कशाबद्दल?"

बेबीने तोंड उघडलं. अकरा वर्षांत असे हजारो प्रश्न तिने जिन्यावरून वर नेले होते, उत्तरं खाली आणली होती, आणि वाटेत दोन्हीकडचे टोमणे काढून टाकायची कलाही शिकली होती. पण समोर भिंतीवर तिनेच लिहिलेला नियम चिकटवलेला होता. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर घालू नये. आणि आतून बाईंचा आवाज येत होता.

"मी नाही विचारणार," ती म्हणाली.

"का?"

"मी कामावर आहे, बाबा. मला तटस्थ राहायचंय."

"घरी तर विचारतेस."

"घरी मी बेबी आहे. इथे साहाय्यक आहे."

बाबांना हे अनपेक्षित होतं. काकांनाही होतं. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. व्हरांड्यातला पंखा कुरकुरत होता. काका सूचनाफलक वाचायला लागले, त्यावर मागच्या परीक्षेचं वेळापत्रक होतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. आपण आता मध्ये नसलो तर या दोघांचं काय होणार, असं तिला वाटलं. टाकी वाहत राहील आणि कुणीच कुणाला सांगणार नाही. पण ती गप्प राहिली.

शेवटी बाबा समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाले, "कशाबद्दल, असं कुणीतरी विचारतंय."

काका सूचनाफलकाला म्हणाले, "कुणीतरी म्हणजे कोण?"

बाबांनी चष्मा घातला. "मी. मी विचारतोय. कशाबद्दल?"

बेबीने घड्याळात पाहिलं. तो कामाचाच भाग होता.

"तू गिऱ्हाइकाला म्हणालास, हात कापतो," काका म्हणाले.

"कुणाचा?"

"माझा. ‘तिकडे नका जाऊ, हात कापतो.’ मी आडोशामागे होतो. नीट ऐकलं. तीस वर्षं काचा घासल्यावर माझा हात थरथरतो, असं तू बाहेरच्या माणसाला सांगितलंस."

बाबा आठवायला लागले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, गेल्या, परत पडल्या. "ती शाळामास्तरीण? जाड काचांची?"

"तीच."

"अरे, ती तुझ्या मशीनला टेकत होती. चाक फिरत होतं. हात कापतो म्हणजे तिचा हात कापतो. बोट गेलं असतं बाईचं."

"मग ‘कापेल’ म्हणायचं."

"चाक फिरत असताना व्याकरण सुचतं का कुणाला?"

"तू ‘कापतो’ म्हणालास. कापतो म्हणजे थरथरतो."

"कापतो म्हणजे चिरतो."

"चाक चिरत नाही, घासतं. त्याला हात कापणं म्हणतच नाहीत, हात घासला जाणं म्हणतात. आणि तेव्हा चाकाला झाकण होतं."

"झाकण तू नंतर लावलंस."

"आधी लावलं."

"नंतर. पैज लाव."

एव्हाना दोघे बाकाच्या टोकांवरून सरकत मधोमध आले होते. बेबीला कळेना, बाबा खरं सांगतायत की आत्ता सुचलेलं. बाबांनाही ते नक्की माहीत नसावं. ते म्हणाले, "हे बघ, अकरा वर्षांपूर्वी मी काय म्हणालो ते मला काय आठवणार? पण तुझ्या हाताबद्दल मी कशाला वाईट बोलेन? दुकान तुझ्या हातावर चाललंय. मी नुसते नंबर लिहितो."

काकांनी स्वतःचा उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. हात स्थिर होता.

"हे तेव्हा म्हणायचं होतंस," ते म्हणाले.

"तू विचारलं नाहीस."

"कसा विचारणार? आपला अबोला होता."

"तुझा होता. मला चार महिन्यांनी कळला."

दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. "ठरलं का?"

"थांबा, आमचं बोलणं चाललंय," काका म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. बाबांना चूक कळली. ते घाईघाईने म्हणाले, "म्हणजे मी याच्याशी बोलत नव्हतो."

"मग कुणाशी बोलत होतास?" काकांनी विचारलं.

"किती वेळ?" बाईंनी बेबीला विचारलं.

"नऊ मिनिटं."

"तुझ्यामार्फत?"

"पहिली दोन माझ्यामार्फत. पुढची थेट."

बाईंनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले, लाल पेन घेतलं आणि दोन्हीवर ‘बाद’ असं लिहिलं. पहिला शेरा लिहिताना त्यांना इतकं वाईट वाटत होतं की अक्षर बिघडलं.

"अहो बाई, अकरा वर्षं," बाबा म्हणाले. "नऊ मिनिटांसाठी अकरा वर्षं पुसून टाकता?"

"नियम आहे."

"आम्ही परत नाही बोलणार. आता घरी जातानासुद्धा नाही बोलणार."

"तू नको बोलू," काका उठत म्हणाले. "मला बोलायचंय. पाटीचं राहिलंय अजून. ती तिरकी नव्हती."

बसथांब्यापर्यंत त्यांचे आवाज ऐकू येत होते.

बाईंना शंका आली म्हणून त्यांनी उरलेल्या अडतीस जणांना परत फोन लावायला सांगितलं. शंका खरी निघाली. अकरा जण बोलायला लागले होते. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच होतं: तिथे जाऊन माझ्याबद्दल काय सांगितलंस? बसवाल्याने वडिलांना समोरून येताना हात करून गाडी थांबवायला लावली होती आणि भर रस्त्यात हा प्रश्न विचारला होता, मागे गाड्यांची रांग लागली. कुत्र्याच्या घरातल्या मायलेकी तर रोज सकाळी भांडत होत्या आणि मुलगी म्हणाली, कुत्रा उदास दिसतोय, त्याचंही काही असेल तर बघा.

"तुमचा नमुना हातात धरेपर्यंत टिकत नाही," संख्याशास्त्राचे सर म्हणाले. पण ते खुशीत म्हणाले नाहीत. त्यांनाही वाईट वाटलं असावं. बाईंनी त्यांना आत बोलावलं आणि दोघांनी दार लावून बराच वेळ चर्चा केली. असं ठरलं की मुलाखतीच्या दिवशी जो बोलत नव्हता तो चालेल, पुढचं पुढे. म्हणजे अडतीस शाबूत राहिले. उरले दोन.

"सोमवारी अहवाल द्यायचाय," बाई बेबीला म्हणाल्या. "दोन माणसं आण. आणि या वेळी जोडीने बाकावर बसवू नकोस."

घरी वेगळीच तऱ्हा. त्या दिवसापासून बाबा आणि काका जिन्यात उभे राहून बोलत होते. पाटीचं झालं, मग टाकीचं निघालं, मग आजोबांच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं ते. आई आणि काकू पायरीवर भाजी निवडत बसायच्या.

"जेवायला कधी बसणार आहेत?" काकूने विचारलं.

"मला काय विचारतेस? अकरा वर्षं किती शांततेत गेली," आई म्हणाली, "तेव्हा किंमत कळली नाही."

शनिवारी सकाळी बेबी आपला चष्मा घट्ट करून घ्यायला दुकानात गेली. अजून गिऱ्हाइकं यायची होती. काका आडोशातून बाहेर आले आणि तक्त्यासमोरच्या उंच खुर्चीवर बसले.

"माझा नंबर काढ," ते म्हणाले.

"शेवटचा कधी काढलास?" बाबांनी विचारलं.

"तूच काढला होतास."

बाबा हातातली भिंगं तशीच धरून थांबले. "म्हणजे तेव्हापासून..."

"मग कुणाकडे जाणार? दुसऱ्या दुकानात जाऊन बसलो असतो तर बाजाराने काय म्हटलं असतं? चष्मेवाला स्वतःच्या डोळ्यांसाठी परक्या दारात."

"आणि काचा कशा घासत होतास?"

"बोटाला कळतं."

बाबांनी त्यांच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम बसवली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. काका खालच्या ओळीत अडकायचे, चुकीची अक्षरं इतक्या खात्रीने वाचायचे की बेबीला तोंड वळवावं लागलं. नंबर वाढत वाढत कुठल्या कुठे गेला.

"इतकी वर्षं तुला दिसत तरी काय होतं?" बाबांनी विचारलं.

"तू पुसट दिसायचास," काका म्हणाले. "त्यामुळे फारसा त्रास झाला नाही."

बाबांनी आणखी एक भिंग बदललं. काकांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग मान वळवून भावाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. "केस गेले की तुझे," ते म्हणाले.

"हळूहळू गेले. सांगायला कुणी नव्हतं."

मग बाबा बेबीकडे वळले. "तुला दोन माणसं कमी पडतायत ना? ते छापखानेवाले बापलेक घे. माझ्या माहितीतला अबोला आहे, सहा वर्षांचा. एकदम खात्रीचा."

"ते बोलतात," काका फ्रेम न काढताच म्हणाले. "तीन वर्षं झाली बोलायला लागून."

"मला कसं माहीत नाही?"

"तुला कोण सांगणार होतं?"

बेबीने चष्मा घातला आणि बस पकडायला निघाली. दोन माणसं तिला दुपारी मिळाली, पोस्टमननेच दिली. बहीणभाऊ होते. एकाला तिने सकाळची वेळ दिली आणि दुसरीला संध्याकाळची, आणि दोघांनाही निरनिराळ्या दाराने आत घेतलं.